कायद्यावरचा कायदा: रोमन विचारवंतांचा नैसर्गिक कायदा आणि त्यांचे देव

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला. आणीबाणीत अनुच्छेद २१ची दाद मागण्याचा मार्ग राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद असताना, स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात जाता येणार नाही, असा तो निकाल. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळं म्हणाले: अनुच्छेद २१ नसता, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नसताच. बहुमतात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो जुना निकाल मोडीत काढला, तेव्हा त्याविषयीचं सविस्तर मत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं. जगण्याचा हक्क संविधानाने बहाल केलेला नाही, तो संविधानाच्या आधीपासूनचा आहे, ही त्यातली भूमिका.

आधीपासूनचा म्हणजे कुठून आलेला? लिहून ठेवलेल्या कायद्याच्या वर आणखी एक कायदा आहे, हा दावा नीट मांडून पुढच्या जगाच्या हाती देणाऱ्यांत रोमन लोक प्रमुख आहेत. त्यांनी तो मांडला देवांच्या आधाराने. पण त्यांचे देव, त्यांचे पुरोहित आणि त्यांचं राजकारण यांची घडण आपल्या ओळखीच्या धर्मांहून इतकी वेगळी होती की ती समजून घेतल्याशिवाय हा विचार हाती लागत नाही.

नैसर्गिक कायदा म्हणजे काय, आणि काय नाही

नैसर्गिक कायदा म्हणजे कुठल्याही राजाने, सभेने वा संसदेने न केलेला, तरीही सर्व माणसांवर सर्व काळ बंधनकारक असणारा कायदा. माणूस तो बुद्धीने ओळखतो. दगड खाली पडतो हा भौतिक नियम मोडताच येत नाही. नैसर्गिक कायदा मात्र मोडता येतो, आणि मोडणारा दोषी ठरतो. हा फरक एकदा लक्षात ठेवला की पुष्कळ गोंधळ टळतो.

बाजारातल्या वजनांवरून हे चांगलं कळतं. दुकानदाराचं किलोचं वजन झिजलेलं असू शकतं, मुद्दाम पोखरलेलंही असू शकतं. ते खोटं आहे हे ठरतं ते वजनमापे निरीक्षकाजवळच्या प्रमाण वजनाशी ताडून. राज्याने केलेले कायदे ही दुकानातली वजनं, आणि नैसर्गिक कायदा हे प्रमाण वजन. रोमन तत्त्वज्ञांची सगळी झटापट तीन प्रश्नांशी आहे: असं प्रमाण वजन खरंच आहे का, ते कुणी घडवलं, आणि ते कुणाच्या ताब्यात आहे?

सिसेरोची साखळी

मार्कस टुलियस सिसेरो (इ.स.पू. १०६ ते ४३) हा वकील, राजकारणी आणि तत्त्वज्ञानाचा लेखक. ‘कायद्यांविषयी’ हा त्याचा संवाद अपुराच राहिला. त्याची तीन पुस्तकं आज उपलब्ध आहेत. सिसेरो, त्याचा भाऊ क्विंटस आणि मित्र ॲटिकस त्याच्या गावी, आर्पिनमला, बोलत बसले आहेत अशी त्याची मांडणी. पहिल्या पुस्तकातला युक्तिवाद पायरी-पायरीने जातो. विश्वात बुद्धीहून श्रेष्ठ काही नाही. ही बुद्धी देवांत आहे आणि माणसांतही आहे. बुद्धी समान असेल, तर योग्य बुद्धीही समान. काय करावं आणि काय करू नये हे सांगणारी योग्य बुद्धी म्हणजेच कायदा. कायदा समान असेल, तर न्यायही समान. आणि ज्यांचा कायदा नि न्याय एक, ते एकाच राज्याचे नागरिक. म्हणजे हे सगळं विश्व देवांचं आणि माणसांचं मिळून एक नगर आहे.

या कड्या सिसेरोच्या स्वतःच्या नाहीत. त्या स्टोइक पंथाच्या आहेत. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनोने सुरू केलेला हा पंथ. विश्वभर एकच विवेकतत्त्व भरलेलं आहे आणि तेच देव, ही त्याची शिकवण. स्टोइकांचा देव आकाशातून आज्ञा सोडत नाही. तो विश्वाच्या रचनेतच आहे. त्यामुळे ‘देवाने सांगितलं म्हणून बरोबर’ की ‘बुद्धीला पटलं म्हणून बरोबर’ हा वाद त्यांच्यापुरता उरतच नाही. देव आणि बुद्धी ही एकच गोष्ट.

यातून निघणारा निष्कर्ष धारदार आहे. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्लाला हुकूमशहा नेमणारा कायदा झाला. त्या कायद्याने त्याला कुठल्याही नागरिकाला खटल्याविना ठार मारण्याची मुभा दिली. सिसेरो म्हणतो, रीतसर मंजूर झाला असला तरी तो न्याय्य कायदा मानता येत नाही. अडाणी वैद्याने औषध म्हणून विष लिहून दिलं तर ते औषध ठरत नाही, तसंच हे. याच्या उलट बाजूचं उदाहरणही तो देतो: टार्क्विन राजाच्या काळी रोममध्ये बलात्काराविरुद्ध लिखित कायदा नव्हता, पण म्हणून राजपुत्र सेक्स्टसने ल्युक्रीशियावर केलेला अत्याचार निर्दोष ठरत नाही. लिहिण्याच्या आधीही कायदा होताच.

देवांचं सरकारी खातं

आता रोमचा रोजचा धर्म पाहू. इथे बहुतेक वाचक अडखळतात, कारण रोमन धर्मात नीतीचा ग्रंथ नव्हता, श्रद्धेची शपथ नव्हती आणि वेगळा धर्मगुरूंचा वर्गही नव्हता. पुरोहितपद हे राजकारण्यालाच मिळणारं पद. सुल्लानंतर पोंटिफांच्या मंडळात १५ आणि ऑगरांच्या मंडळातही १५ जण असत. पोंटिफ विधी, पवित्र जागा आणि पंचांग सांभाळत. ऑगर पक्षी, वीज अशा चिन्हांवरून एखाद्या सार्वजनिक कृतीला देवांची संमती आहे की नाही ते सांगत. सिसेरो स्वतः इ.स.पू. ५३ मध्ये ऑगर झाला.

या खात्याचं काम कसं चाले, याचा उत्तम नमुना म्हणजे इ.स.पू. १८६ चा बॅकस देवाच्या पंथाविरुद्धचा सेनेटचा ठराव. तो कोरलेला ब्राँझचा पत्रा दक्षिण इटलीत टिरिओलो इथे सापडला. पंथावर सरसकट बंदी त्यात नाही. कुणाला विधी करायचाच असेल तर त्याने शहराच्या प्रीटर या अधिकाऱ्याकडे यावं. किमान १०० सदस्य हजर असलेल्या सेनेटने परवानगी द्यावी. आणि परवानगीविना पाचपेक्षा जास्त लोक, म्हणजे दोन पुरुष व तीन स्त्रिया यांहून अधिक, एकत्र जमू नयेत. देव खरा की खोटा, हा प्रश्न ठरावात कुठेच येत नाही. प्रश्न आहे तो परवानगीचा आणि गर्दीचा.

देवसंमतीची ही यंत्रणा राजकारणात हत्यार म्हणूनही चाले. ऑगराने ‘आज नाही, दुसऱ्या दिवशी’ एवढं म्हटलं की जमलेली लोकांची सभा बरखास्त. इ.स.पू. ५९ मध्ये बिब्युलस या कॉन्सलने (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाने), आपण आकाशातली चिन्हं पाहत आहोत असं घरी बसून जाहीर करत, ज्युलियस सीझरचे कायदे अडवण्याचा प्रयत्न केला. सीझरने ते तरीही मंजूर करून घेतले, आणि मग ते वैध की अवैध हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला.

घर, मूर्ती आणि एक निकाल

नैसर्गिक कायदा आणि सरकारी धर्म समोरासमोर आले की काय होई, ते सिसेरोच्याच आयुष्यात दिसतं. हे प्रकरण जरा थांबून पाहण्यासारखं आहे.

इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो कॉन्सल असताना सत्ता उलथवण्याचा कॅटिलिनाचा कट उघडकीला आला. ५ डिसेंबरला सेनेटच्या ठरावानंतर पाच कटवाल्यांना खटल्याविना मारण्यात आलं. नागरिकाला लोकांच्या आदेशाविना मृत्युदंड देऊ नये असा इ.स.पू. १२३ चा कायदा होता. त्यावर सिसेरोचं उत्तर होतं की राज्याचा शत्रू हा नागरिकच नव्हे, म्हणून तो कायदा त्याला लागत नाही.

इ.स.पू. ५८ मध्ये लोकांचा ट्रिब्यून, म्हणजे सामान्यांनी निवडलेला अधिकारी, असलेल्या क्लोडियसने याचाच वचपा काढला. खटल्याविना नागरिकाला मारणाऱ्यास हद्दपार करणारा कायदा त्याने आणला, सिसेरो रोम सोडून गेला आणि पॅलाटिन टेकडीवरचं त्याचं घर पाडलं गेलं. क्लोडियसने त्या जागेच्या एका भागावर लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्यदेवीची मूर्ती बसवून ती जागा देवीला अर्पण केली. आता जागा देवाची झाली; ती परत मागणं म्हणजे देवद्रोह.

पुढच्या वर्षी सिसेरो परतला आणि २९ सप्टेंबरला पोंटिफांच्या मंडळासमोर त्याने स्वतःच स्वतःची बाजू मांडली. निसर्ग, विश्वबुद्धी वगैरेंवर त्याने भर दिला असेल असं वाटेल. तसं नाही. त्याच्या मांडणीतले निर्णायक मुद्दे कार्यपद्धतीचे आहेत: क्लोडियसचं ट्रिब्यूनपदच वैध आहे का, अर्पणविधीला पोंटिफांच्या मंडळाची संमती घेतली होती का, लोकांनी त्याला ही जागा अर्पण करायला नाव घेऊन अधिकार दिला होता का. मंडळाने निकाल दिला तोही याच धर्तीवर: अर्पण करणाऱ्याला लोकांनी नाव घेऊन नेमलं नसेल, तर ती जागा धर्माचा भंग न होता परत देता येईल.

दुसऱ्या दिवशी सेनेटमध्ये पोंटिफांना त्या निकालाचा अर्थ विचारला गेला. सगळ्यांच्या वतीने मार्कस ल्युकुलसने दिलेलं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं: धर्माचे न्यायाधीश पोंटिफ होते, कायद्याचं न्यायाधीश सेनेट आहे. त्याच माणसांचा गट दोन खुर्च्यांवर बसत होता, पण कुठल्या खुर्चीवरून कुठला प्रश्न सुटतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सेनेटने जागा परत दिली आणि घराच्या बांधकामाची भरपाई २० लाख सेस्टर्स (रोमन नाणी) ठरली.

म्हणजे तत्त्वज्ञानात जो सिसेरो नैसर्गिक कायद्याला सर्वांच्या वर बसवतो, तोच आपलं घर सोडवताना नियमांची बारीक कलमं शोधतो. हा दुटप्पीपणा आहे असं मला वाटत नाही. प्रमाण वजन कितीही खरं असलं, तरी ते वापरण्याची ठरलेली रीत नसेल तर कुणीही कसलंही वजन पुढे करून हेच प्रमाण म्हणेल. ‘शत्रू हा नागरिकच नव्हे’ हा सिसेरोचा इ.स.पू. ६३ चा युक्तिवाद नेमका तसाच होता: राज्य वाचवण्याच्या उच्च न्यायाचा दाखला देऊन लिखित संरक्षण बाजूला सारणारा. त्याची किंमत त्याने घर आणि देश गमावून मोजली.

मग ‘कायद्यांविषयी’त सिसेरो धर्माचं काय करतो?

दुसऱ्या पुस्तकात सिसेरो आपल्या आदर्श राज्याचे धर्मविषयक नियम कलमवार देतो. देवांकडे शुद्ध होऊन जावं, भक्ती न्यावी, संपत्ती दूर ठेवावी; जो असं करणार नाही त्याला देव स्वतः शिक्षा करील. शुद्धी मनाची, आणि खर्चाची अट घालून गरिबाला देवाच्या दारातून वगळू नये, हे तो स्पष्टीकरणात सांगतो. शेतजमीन कुणी देवाला अर्पण करू नये. वर्गणीची भिक्षा फक्त आयडाची माता या देवीच्या सेवकांनी ठरावीक दिवशी मागावी. इतपत विवेकाचा हात दिसतो.

पण त्याच यादीत हेही कलम आहे: सार्वजनिकरीत्या स्वीकारल्याशिवाय नवे वा परके देव कुणी स्वतःपुरते ठेवू नयेत. आणि ऑगरांच्या अधिकाराची तर तो मनापासून तरफदारी करतो. टिशियन नावाचा कायदा ऑगर मंडळाच्या आदेशाने रद्द झाला, हे तो अभिमानाने नोंदवतो. विश्वभर एकच कायदा म्हणणारा माणूस कलमं लिहायला बसला की ती जवळजवळ रोमच्याच चालीरीतींची निघतात. ॲटिकसची बहुतेक संमती मिळते, क्विंटसही हे लक्षात आणून देतो की ही यादी रोमचा दंतकथेतला राजा न्युमा याच्या आणि आपल्या रूढींहून फारशी वेगळी नाही. सिसेरोचं उत्तर असं की आपलं जुनं राज्यच सर्वोत्तम, मग त्याचे नियम निसर्गाशी जुळणारच. युक्तिवादातला हा दुवा सर्वांत कच्चा आहे.

आक्षेप पहिला: निसर्गात न्याय कुठे दिसतो?

हा आक्षेप रोमला इ.स.पू. १५५ मध्येच ऐकावा लागला. ओरोपस या गावावरून अथेन्सला झालेला ५०० टॅलेंट (चांदीचं मोठं माप) इतका दंड कमी करून घ्यायला तीन तत्त्वज्ञ दूत म्हणून आले. त्यांतल्या कार्निआडीसने एक दिवस न्यायाच्या बाजूने आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध भाषण केलं. विरुद्ध बाजू अशी: गावोगावी कायदे वेगळे आणि काळाप्रमाणे बदलणारे, तेव्हा न्याय हा सोयीचा ठराव आहे. आणि रोमनांना खरोखर न्यायाने वागायचं असेल, तर जिंकलेलं सगळं परत करून त्यांना पुन्हा झोपड्यांत राहायला जावं लागेल. वृद्ध सेनेटर केटोने या पाहुण्यांना लवकर परत पाठवा असा आग्रह धरला.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी आणखी खोलवर घाव घालतात. देव आहेत, पण ते जगाच्या कारभारात पडत नाहीत. न्याय म्हणजे एकमेकांना इजा न करण्याचा माणसांमधला करार. कवी ल्युक्रीशियसने मुलगी इफिजेनियाचा बळी देणाऱ्या बापाचं उदाहरण दिलं आणि धर्म माणसाला केवढ्या दुष्कृत्याला प्रवृत्त करू शकतो ते दाखवलं. त्याच्या मते देवांची भीती हा नीतीचा पाया नसून रोग आहे.

सिसेरोचं प्रत्युत्तर मुख्यतः एवढंच: न्याय निव्वळ फायद्यासाठी असेल, तर अंधाऱ्या निर्जन जागी सापडलेल्या एकट्या, सोनं बाळगणाऱ्या दुबळ्या माणसाशी लोक कसे वागतील? हे उत्तर देव आहेत असं सिद्ध करत नाही. कराराने न्यायाचा पूर्ण उलगडा होत नाही, एवढं मात्र ते नीट दाखवतं.

आक्षेप दुसरा: सिसेरोचा तरी देवांवर विश्वास होता का?

इ.स.पू. ४५ च्या ‘देवांच्या स्वरूपाविषयी’ या संवादात कोट्टा नावाचा पोंटिफ म्हणतो: पूर्वजांकडून आलेले विधी मी पाळतोच, त्यासाठी पुरावा नको, पण तू तत्त्वज्ञ आहेस, तेव्हा मला कारणं दे. पुढच्याच वर्षी ‘शकुनविद्येविषयी’मध्ये ऑगर सिसेरो शकुनांनी भविष्य कळतं हे मत साफ खोडून काढतो, आणि तरीही राज्याच्या हितासाठी शकुनांचे विधी टिकवावेत असं म्हणतो. अंधश्रद्धा उपटून काढल्याने धर्म उपटला जात नाही, हे त्याचं म्हणणं.

आपल्याला हे विसंगत वाटतं, कारण आपण धर्म म्हणजे आधी श्रद्धा समजतो. व्हॅरो या त्याच्याच काळच्या विद्वानाने देवांविषयीच्या बोलण्याचे तीन प्रकार केले: कवींचं, तत्त्वज्ञांचं आणि राज्याचं. कवींच्या कथा नाटकासाठी, तत्त्वज्ञांची मीमांसा चर्चेसाठी, राज्याचे विधी नागरिकांसाठी. नैसर्गिक कायदा दुसऱ्या कप्प्यात बसतो, घर परत देण्याचा निकाल तिसऱ्या. हे कप्पे वेगळे ठेवले की सिसेरोचं वागणं उलगडतं.

आपल्याकडच्या धर्मशास्त्राशी याची गल्लत करू नये. तिथे बहुतेक कर्तव्यं वर्ण आणि आश्रमाप्रमाणे बदलतात. सिसेरोच्या नैसर्गिक कायद्याचा सगळा दावा हा की तो रोममध्ये एक आणि अथेन्समध्ये दुसरा असत नाही. सत्य, अहिंसा असे सर्वांना सारखे लागू असलेले साधारण धर्म तेवढे त्याच्या जवळ येतात.

आक्षेप तिसरा: मग गुलामगिरी कशी चालली?

या विचाराची खरी कसोटी इथे लागते. रोमन कायदेपंडितांनी प्रश्न टाळला नाही. उल्पियन (मृत्यू इ.स. २२३) लिहितो की नागरी कायद्यापुरता गुलाम म्हणजे कुणीच नाही, पण नैसर्गिक कायद्याने सर्व माणसं समान आहेत. फ्लोरेंटिनस गुलामगिरीची व्याख्याच अशी करतो: सर्व राष्ट्रांत चालणारी अशी रूढी, जिच्यामुळे एक माणूस निसर्गाविरुद्ध दुसऱ्याच्या मालकीचा होतो. त्यांनी ते लिहिलं, आणि बाजारात माणसं विकली जातच राहिली.

तरीही या वाक्याचा काहीच परिणाम झाला नाही असं म्हणता येत नाही. गुलामाने घेतलेल्या कर्जासाठी त्याच्यावर दावा लावता येत नसे. पण मुक्त झाल्यावर त्याने ते फेडलं, तर ‘मी तेव्हा गुलाम होतो’ म्हणून पैसे परत मागता येत नसत, कारण नैसर्गिकरीत्या तो देणेकरी होताच. गुलामीत जन्मलेल्यांना कायदेशीर नातीगोती नसत. तरी मुक्तीनंतर आईशी वा बहिणीशी लग्न निषिद्धच, कारण विवाहात नैसर्गिक कायदा पाहायचा. भिंत पाडण्याची ताकद या विचारात नव्हती. पण भिंतीत फटी पडल्या होत्या, आणि गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे ही कबुली कायद्याच्या ग्रंथातच नोंदली गेली.

प्रमाण वजन विरोधकांच्या हाती

इ.स. २१२ मध्ये कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने आफ्रिकेचा सुभेदार स्कापुला याला पत्र लिहिलं. ख्रिस्ती लोकांचा छळ चालू होता. त्याने लिहिलं की ज्याला जे पूज्य वाटतं त्याची पूजा करणं हा मानवी हक्क आहे, निसर्गाने दिलेली मुभा आहे. आणि सक्तीने धर्म लादणं हे धर्माचं काम नव्हे. सिसेरोच्या ‘परके देव ठेवू नयेत’ या कलमाला सिसेरोच्याच तत्त्वाने दिलेलं हे उत्तर. इ.स. ३१३ मध्ये मिलानला सम्राटांत झालेल्या संमतीनंतर ख्रिस्त्यांना आणि इतर सर्वांना हवा तो धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली.

ती फार काळ टिकली नाही. इ.स. ३८४ पर्यंत पारडं फिरलं होतं. सेनेटच्या सभागृहातली विजयदेवीची वेदी ख्रिस्ती सम्राटाने हटवली होती, आणि जुन्या धर्माचा सेनेटर सिमॅकस ती परत मागत होता: आपण सारे तेच तारे पाहतो, आकाश सर्वांचं एक, एवढ्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही. मिलानच्या बिशप अँब्रोजने विरोध केला आणि तरुण सम्राट दुसऱ्या व्हॅलेंटिनियनने अर्ज फेटाळला. इ.स. ३९१ मध्ये सम्राट थिओडोसियसने देवळांतले बळी बंद केले.

इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनने जुन्या कायदेपंडितांची वचनं ‘डायजेस्ट’ या संग्रहात एकत्र आणली. त्याच्या संपादकांनी पुष्कळ जुनं गाळलं. सर्व माणसं निसर्गतः समान आहेत हे उल्पियनचं वचन त्यांनी ठेवलं. आणि सार्वजनिक कायद्यात विधी, पुरोहित आणि अधिकारी येतात हे त्याचंच दुसरं वचनही पहिल्याच प्रकरणात ठेवलं. पुरोहित तेवढे आता बिशप होते.